डाकीण कोणीं ठरविली?

श्रोते हो, नाशिकच्या इतिहासांत २१ डिसेंबर १९०९ ही तारीख सर्वांच्या परिचयाची आहे. त्या रात्रीं विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता, आणि त्या प्रयोगास आलेले जिल्ह्याचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांस अनंत कान्हेरे या तरुणानें गोळ्या घालून ठार केलें. पुढें १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे या तिघांस ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. ही कथा आपण शाळेंत असल्यापासून ऐकत आलों आहों, आणि ती पुन्हां सांगण्याचा आज माझा हेतु नाहीं. मला बोलावयाचें आहे तें जॅक्सनच्या मागें राहिलेल्या कांहीं कागदांविषयीं.

जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासी होता आणि लोकसमजुती गोळा करण्याचा त्याला नाद होता. खेड्यापाड्यांतील शाळामास्तरांनीं लिहून पाठविलेलीं उत्तरें त्याच्या संग्रहांत जमलीं होतीं. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानें तीं लावून त्यांचे दोन भाग छापले. गुजरातचा १९१४ सालीं व कोंकणचा १९१५ सालीं. झाडांवरचीं भुतें, दृष्ट, उतारा, मूठ, करणी, चेटूक, अशी सर्व सामग्री त्यांत आहे. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या ठाण्याच्या डोंगरपट्टीची हवा त्यांतील कित्येक पानांना लागलेली आहे.

परंतु तीं पानें वाचतांना एक गोष्ट मनांत राहून जाते. त्या संग्रहाचा विषय समजूत हा आहे. चेटकीण काय करते असें लोक मानतात, तें त्यांत मिळतें. अमुक गांवीं अमुक बाई चेटकीण कशी ठरली, कोणीं ठरविली आणि ठरल्यावर तिचें काय झालें, हा त्या संग्रहाचा प्रश्नच नव्हता. आज तोच प्रश्न मी आपल्यापुढें मांडणार आहें. कारण समजुती सगळीकडे सारख्याच असतात, पण बाई मात्र दर वेळीं कोणी तरी एक, नांवागांवाची असते.

नाशिकच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक या भागांत सह्याद्रीचे उतार आहेत. त्यांना लागूनच डांगचें रान आहे. भिल्ल, कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर अशा जमातींची ही वस्ती. कोठें डाकीण म्हणतात, कोठें भुताळी, घाटावर चेटकीण. शब्द निराळे, पण ज्या बाईवर तो शब्द पडतो तिची गत एकच. पूर्वीच्या काळीं पावसाळा लागला कीं येथल्या वाटा बंद होत. नागलीची व भाताची लावणी आटोपते न आटोपते तोंच घरोघर ताप सुरू होई. एखाद्या घरांत लागोपाठ दोन मुलें दगावत, दुभती म्हैस एकाएकीं आटे. दवाखाना चाळीस मैल दूर असला तरी भगत मात्र पलीकडच्याच पाड्यावर असे.

भगत सुपांत दाणे घेतो, दिवा लावतो, त्याच्या अंगांत येतें. पण तो बहुधा एकदम कोणाचें नांव घेत नाहीं. तो लक्षणें सांगतो. ही बाहेरची बाधा आहे. घर उगवतीला आहे. बाई एकटी आहे. तिनें तुमच्याकडे कांहीं मागितलें होतें, तें तुम्ही दिलें नाहीं. एवढें सांगून तो थांबतो. नांव पुरवितात तीं ऐकणारीं माणसें. कोणाला आठवतें, आषाढांत ती म्हातारी ताक मागावयास आली होती आणि आपण तिला परत पाठविलें होतें. कोणाला आठवतें, बांधावरून तिचें भांडण झालें होतें. कोणी म्हणतें, तिचा नवरा मेला, मूल झालें नाहीं, तरी जमिनीचा तुकडा अजून तिच्याच ताब्यांत आहे. दिराच्या मनांत कांहीं असेल तर तो या वेळीं गप्प राहतो, आणि त्याचें तें गप्प राहणेंच पुष्कळ होतें.

नांव निघाल्यावर परीक्षा होई. मेवाड, माळवा व सातपुड्याकडील एकोणिसाव्या शतकांतल्या हकीकती वाचाव्यात तर अंगावर शहारे येतात. डोळ्यांवर मिरच्या बांधून बाईला झाडाला उलटें टांगीत आणि झोके देत. कोठें तिला पोत्यांत घालून पाण्यांत सोडीत. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर डाकीण. हीच पाण्याची परीक्षा जर्मनींत व इंग्लंडांत शेंकडों वर्षें चालत होती. दोन देशांतील लोकांनीं एकमेकांस पाहिलेंही नसतां दोघांनीं एकच युक्ति काढावी, यावरून भय मनुष्याला सगळीकडे सारख्याच वाटेनें नेतें असें म्हणावें लागतें.

आतां या सर्व प्रकाराकडे जरा शांतपणें पाहूं. शहरांतील सुशिक्षित मनुष्य याला अज्ञान म्हणून मोकळा होतो. पण हा नुसता अज्ञानाचा प्रकार असता तर लोक घाबरले असते, पळाले असते, देवाला नवस बोलले असते. येथें त्याहून निराळें कांहीं घडतें. येथें एक खटला चालतो. फिर्यादी आहे, साक्षीदार आहेत, तज्ज्ञ म्हणून भगत आहे, पंच आहेत, निकाल आहे, शिक्षा आहे. दोनच गोष्टी नाहींत; आरोपीला उत्तर देण्यास जागा नाहीं, आणि पुढें आलेला पुरावा पुरावा आहे कीं नाहीं हें तपासणारा कोणी नाहीं.

अशा खटल्याकडे सरकारनें कसें पाहिलें? पेशव्यांच्या रोजनिशांतील जे वेचे गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडले, त्यांतून व त्या काळच्या इतर कागदांतून असें दिसतें कीं कोणावर भूत घालणें, चेटूक करणें हा त्या राज्यांत गुन्हा मानला जात असे. विशेषतः कोंकणांतून अशीं प्रकरणें येत, सरकार चौकशी करी व दोषी ठरलेल्यांस शिक्षा देई. म्हणजे राज्यकर्त्यांना गुन्हा खरा वाटत होता. त्यांत एक गोष्ट बरी होती कीं प्रकरण गांवाच्या हातून निघून चौकशीपुढें येई. वाईट ही कीं न झालेल्या गुन्ह्याची चौकशी कितीहि सावधपणें केली तरी ती कोणाच्या तरी गळ्याशीं येऊन संपते.

इंग्रज आल्यावर उलट प्रकार झाला. उत्तरेस मेवाडांत, महाराणा स्वरूपसिंह यांच्या कारकीर्दींत, ऑक्टोबर १८५३ मध्यें डाकीण म्हणून बायकांस मारण्याची मनाई करणारा हुकूम निघाला. इंग्रजी मुलखांत १८६० चा दंडसंग्रह १८६२ पासून लागू झाला. त्यानें चेटूक हा गुन्हाच ओळखला नाहीं, आणि चेटकीण म्हणून मारणें हा साधा खून ठरविला. डांगांतील या प्रश्नावर अजय स्कारिया या इतिहासकारानें १९९७ सालीं एक महत्त्वाचा निबंध लिहिला आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना हे खून निव्वळ रानटी, निष्कारण हिंसा वाटले. त्या हिंसेचा रोख बायकांवरच कां, या प्रश्नाचा विचार मागें राहिला. कायद्याला प्रेत सांपडलें तरच तो जागा होई. प्रेतापूर्वीं जें घडे, म्हणजे दाणे, लक्षणें, नांव, विहिरीवरची कुजबूज, वाळीत टाकणें, तें सर्व कायद्याच्या दृष्टीनें कांहींच नव्हतें. ज्या बाईला मारलें नाहीं, पण गांवाबाहेर काढलें, तिची नोंद कोठें होणार?

येथें मला एका परक्या गांवाची आठवण सांगावीशी वाटते. स्वित्झर्लंडमध्यें ग्लारुस नांवाचा डोंगराळ, लहानसा प्रांत आहे. तेथें चुडी नांवाच्या एका डॉक्टरच्या घरीं आना ग्योल्डी ही मोलकरीण होती. घरांतील लहान मुलीच्या दुधांत टांचण्या सांपडल्या. पुढें मुलगी टांचण्या ओकूं लागली, असें सांगण्यांत आलें. मोलकरणीला नोकरीवरून काढलें, ती दूर निघून गेली, तिला शोधून आणलें, छळ करून तिच्याकडून कबुली घेतली, आणि १३ जून १७८२ रोजीं तिचा शिरच्छेद केला. निकालांत चेटूक हा शब्द घालण्याची तेथल्या न्यायसभेला लाज वाटली असावी. त्यांनीं विषप्रयोग असें लिहिलें. फ्रान्समध्यें राज्यक्रांति होण्यास तेव्हां सातच वर्षें उरलीं होतीं.

परंतु त्या न्यायसभेनें कागद लिहिले होते. त्या कागदांच्या आधारानें एव्हेलिन हासलर या लेखिकेनें १९८२ सालीं, बरोबर दोनशें वर्षांनीं, आना ग्योल्डीवर ऐतिहासिक कादंबरी लिहिली. मोलकरणीची बाजू लोकांनीं घरीं बसून वाचली. आणि २००८ सालीं ग्लारुसच्या विधिमंडळानें ती बाई निर्दोष होती असें जाहीर केलें. अमेरिकेंतील सेलमची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. तेथें १६९२ सालीं एकोणीस माणसें फांशीं गेलीं आणि एक म्हातारा छातीवर दगड रचून मारला गेला. आर्थर मिलर यानें १९५३ सालीं त्यावर नाटक लिहिलें, तें जगभर झालें. ह्या दोन्ही कृति लिहितां आल्या, कारण खटल्यांतील जबान्या शिल्लक होत्या. अन्याय करणाऱ्यांनींच पुढच्या पिढ्यांच्या हातीं आपल्याविरुद्ध पुरावा ठेवला होता.

आमच्या डोंगरांतल्या बाईच्या वांट्यास असा कागद आला नाहीं. तिचा खटला माजघरांत, खळ्यांत, देवाच्या ठाण्यापुढें चालला आणि तोंडीच संपला. म्हणून आमच्याकडे अशी कादंबरी लिहावयाची झाल्यास लेखकाला दप्तरांत खुनाच्या आरोपींचीं नांवें सांपडतील. बाईचें म्हणणें सांपडणार नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. जेथें जेथें हा प्रकार थांबला तेथें तो कशानें थांबला? आपण चटकन म्हणतों, शास्त्राच्या प्रसारानें. मला तें अर्धेंच खरें वाटतें. युरोपांत चेटकिणींचा छळ शिगेला पोंचला तो पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकापर्यंत, म्हणजे छापखाने सुरू झाल्यावर, विद्यापीठें भरांत असतां. चेटकीण कशी ओळखावी याचे ग्रंथ विद्वानांनींच लिहिले. फ्रान्सचा झां बोदें हा मोठा कायदेपंडित होता, आणि १५८० सालीं त्यानें असा ग्रंथ लिहिला. चाळीस ते साठ हजार माणसांचा बळी त्या काळांत गेला असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे, व त्यांत बहुसंख्य बायका होत्या. तेव्हां अक्षरशत्रु आदिवासीला हंसण्याचा अधिकार पढिकांस फारसा पोंचत नाहीं.

सूदानांतील अझांदे लोकांविषयीं इव्हान्स-प्रिचर्ड यानें १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक मार्मिक उदाहरण आहे. धान्याच्या उंच कोठाराखालीं सांवलींत माणसें बसलेलीं असतात आणि कोठार त्यांच्या अंगावर कोसळतें. वाळवीनें खांब पोखरले होते हें त्या लोकांना पक्कें ठाऊक असतें. त्यांचा प्रश्न निराळा असतो. नेमकीं हींच माणसें खालीं असतां, नेमकें याच क्षणीं तें कां पडलें? हिवताप डांसामुळें पसरतो हें रॉसनें १८९७ सालीं दाखविलें, तें आज पेठच्या शाळेंतला मुलगाहि सांगेल. पण डांस सगळ्यांनाच चावला, मग माझेंच मूल कां गेलें, हा आईचा प्रश्न डांसानें सुटत नाहीं. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून जोंपर्यंत शेजारीण दाखवितां येते, तोंपर्यंत शास्त्र आणि डाकीण एकाच घरांत सुखानें नांदूं शकतात.

छळ थांबला तो पुराव्याच्या प्रश्नावर. याचें सर्वांत सुंदर उदाहरण, आश्चर्य वाटेल, पण स्पेनच्या धर्मन्यायालयाचें आहे. उत्तर स्पेनमध्यें झुगार्रामुर्दी या डोंगरी गांवाच्या आसपास १६०९ च्या सुमारास चेटकिणींची आवई उठली. नोव्हेंबर १६१० मध्यें लोग्रोन्यो येथें सहा माणसें जिवंत जाळलीं व आधींच मेलेल्या पांच जणांच्या प्रतिमा जाळल्या. त्या निकालांतील तीन न्यायाधीशांपैकीं आलोन्सो दे सालाझार हा एक होता, आणि त्याचें मन स्वस्थ होईना. पुढच्या वर्षीं तो स्वतः त्या डोंगरांत महिनोनमहिने फिरला. त्यानें १८०२ माणसांचीं निवेदनें घेतलीं. त्यांतलीं १३८४ लहान मुलें होतीं. जेथें चेटकिणींचा मेळा भरतो म्हणत, ती जागा मुलांना वेगवेगळें नेऊन दाखवावयास लाविली. जागा जुळल्या नाहींत. मंतरलेलीं म्हणून आणलेलीं मलमें जनावरांना चारून पाहिलीं. जनावरांना कांहीं झालें नाहीं. चेटूक जगांत आहे कीं नाहीं, या वादांत सालाझार शिरलाच नाहीं. अमक्या बाईनें तें केलें याला पुरावा काय, एवढेंच त्यानें विचारलें, आणि पुरावा नाहीं असा अहवाल दिला. शिवाय ज्या गांवांत ह्या गोष्टींची चर्चा व प्रवचनें पोंचलीं नव्हतीं, तेथें चेटकिणीहि नव्हत्या, असें त्यानें नोंदविलें. १६१४ सालीं वरिष्ठ मंडळानें त्याचें म्हणणें मान्य करून नवे नियम घातले, आणि त्या न्यायालयापुरता हा प्रकार जवळजवळ मिटला. सेलमलाहि तेंच घडलें. आरोपीची छाया रात्रीं येऊन मला छळते, ही साक्ष चालणार नाहीं असें ठरल्यावर १६९३ सालीं नव्या न्यायालयापुढें आलेले बहुतेक सर्व आरोपी सुटले. लोकांची समजूत तीच होती. बदलली ती पुराव्याची कसोटी.

आपल्याकडे ही कसोटी कायद्यांत शिरण्यास फार वर्षें लागलीं. बिहारनें १९९९ सालीं डाकीण ठरविण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला; छत्तीसगडनें २००५ सालीं केला. महाराष्ट्रांत अंधश्रद्धा निर्मूलन समिति व नरेंद्र दाभोलकर यांनीं कायद्याचा आग्रह वर्षानुवर्षें धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्यें विधिमंडळानें कायदा संमत केला. या कायद्याच्या परिशिष्टांत बारा कलमें आहेत. अमुक व्यक्ति करणी करते, जादूटोणा करते, मंत्रानें जनावराचें दूध आटविते, रोगराईला कारण होते असें जाहीर करणें, हाच त्यांत गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. १८६० च्या दंडसंग्रहाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें घेतली, खून हा अर्थातच गुन्हा राहिला. पण बोट दाखविणें हा गुन्हा, ही गोष्ट आमच्या प्रांताच्या कायद्यांत प्रथम २०१३ सालीं आली.

कायदा झाला म्हणजे सर्व झालें असें मात्र नाहीं. पुढच्याच वर्षीं, २०१४ सालीं, आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या डोंगरी भागांत दोन वृद्ध स्त्रियांना डाकिणी ठरवून ठार मारण्यांत आलें. नाशिकच्या न्यायालयानें पुढें त्या प्रकरणीं अनेक आरोपींना जन्मठेप दिली. न्याय झाला. पण तो प्रेतांनंतर झाला. त्या दोघी जिवंत असतां, नांव प्रथम उच्चारलें गेलें त्या घटकेला तेथें कोणी तरी बसलेलें असणार. शेजारी असेल, नातलग असेल, दोन इयत्ता शिकलेला मुलगा असेल. त्यांतील एकानें जरी भगताला नुसतें विचारलें असतें, कशावरून?

श्रोते हो, मराठींत कोणी समर्थ लेखक कधीं या विषयावर ऐतिहासिक कादंबरी लिहील, आणि ती अवश्य लिहिली जावी. माझी त्याला एक विनंति आहे. भगताला राक्षस करूं नये आणि गांवाला वेडें ठरवूं नये. भगत हा बहुधा स्वतः भ्यालेला मनुष्य असतो. गांव हा मूल गेलेल्या आईबापांचा असतो. कादंबरी त्या संध्याकाळीं सुरू व्हावी, जेव्हां लक्षणें सांगून झालीं आहेत आणि नांव अजून निघावयाचें आहे. सुपांतले दाणे तसेच पडले आहेत, दिव्याची वात काजळली आहे, आणि माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आहेत. डाकीण तेथें ठरते. ती म्हातारी त्या वेळीं आपल्या घरीं चुलीपुढें बसून नागलीची भाकरी थापीत असते, आणि आपल्याविषयीं काय ठरत आहे याची तिला वार्ताहि नसते.

शहरांत भगत नाहीं, सूप नाहीं. पण एखाद्या विधवेला मंगलकार्यांत पुढें येऊं न देणें, पांढऱ्या पायाची सून म्हणणें, घरांतल्या दुखण्याचें खापर जावेच्या दृष्टीवर फोडणें, हें आपल्याहि घरांत आपण ऐकलेलें आहे. तेव्हां आपणांपैकीं किती जणांनीं विचारलें, कशावरून? तो प्रश्न विचारण्यास ना शास्त्र लागतें ना कायदा. तो वेळेवर विचारावा लागतो, एवढेंच.